अणुविज्ञानाचे उन्हाळी वर्ग आणि आपली मुले



आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणतील, "अणू, अणुभट्टी, अणुबाँब हे सारे मुंबई-दिल्लीचे विषय. आमच्या मलकापुरात त्यांचे काय काम?" शंका रास्त आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मलकापूर हे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे गाव. चैत्र-वैशाखात आंबा घाट चढून आलेल्या हापूसच्या गाड्या आपल्या बाजारपेठेवरून पुढे जातात. या हापूसचा आणि अणूचा संबंध आहे, बरं का! आपला आंबा पुष्कळ वर्षे अमेरिकेच्या बाजारात जात नव्हता. फळाबरोबर कीड आपल्या देशात येईल, अशी तिकडच्या सरकारची भीती. शेवटी फळाला ठरावीक प्रमाणात गॅमा किरण द्यायचे, म्हणजे किडीची वाढ खुंटते, यावर तडजोड झाली. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने एक किरण केंद्र उभारले होते. २००७ साली तिथे किरण दिलेला आंबा अमेरिकेला रवाना झाला. भुईमूग लावणाऱ्या मंडळींनी 'टीएजी-२४' हे वाण ऐकलेच असेल. त्यातला 'टी' म्हणजे तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे. किरणांच्या मदतीने घडवलेल्या वाणांच्या संकरातून ते निघाले. आपल्यापैकी कुणाच्या घरी कर्करोगाचे दुखणे येऊन गेले असेल, तर 'शेक द्यायला नेले' हे शब्दही ओळखीचे असतील. तो शेक म्हणजे किरणोपचार.

आणि घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात गेले, की राजापूर तालुक्यात माडबन आहे. जैतापूर प्रकल्प म्हणतात तो तिथलाच. एकूण ९,९०० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची ती मूळ योजना होती. २०१०-११ साली तिच्यावरून मोठे आंदोलन झाले आणि एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक माणूस मेला. तिथे अद्याप अणुभट्टी उभी राहिलेली नाही. प्रकल्प हवा म्हणणारे आहेत, नको म्हणणारेही आहेत. मी आज कोणाचीच बाजू घेणार नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की या वादात दोन्ही बाजूंची कागदपत्रे वाचून, त्यांतले आकडे तपासून, गावच्या भाषेत समजावून सांगणारी आपल्या भागातली मुले किती होती? शेजारच्या अंगणात काय बांधायचे याची चर्चा चालू असताना आपण नुसते कान देऊन ऐकत राहिलो. हे बदलायचे असेल तर आपल्या मुलामुलींनी हा विषय शिकला पाहिजे. आणि शिकण्याची एक चांगली वाट उन्हाळ्याच्या सुट्टीतून जाते.

ती वाट सांगण्याआधी विषय थोडा उलगडतो.

अणूच्या पोटात एक गाभा असतो, त्याला अणुकेंद्र म्हणतात. युरेनियमचा एक प्रकार असा आहे, की त्याच्या केंद्रावर न्यूट्रॉन नावाचा कण येऊन आदळला की ते केंद्र फुटते, उष्णता बाहेर पडते आणि त्याबरोबर आणखी दोनतीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढच्या केंद्रांना फोडतात. ही साखळी आवरून धरली तर तिच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करता येते आणि वीज निघते. तारापूरला १९६९ पासून तेच चालले आहे. हीच साखळी मोकाट सोडली तर तिचा बाँब होतो. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये हा फुटणारा प्रकार हजारात जेमतेम सात भाग असतो. तो किती वाढवायचा, कशासाठी वाढवायचा आणि त्यावर कोणाची नजर असायची, हे प्रश्न नुसत्या विज्ञानाचे राहत नाहीत. तिथून राज्यकारभार, कायदा आणि परराष्ट्रनीती सुरू होते.

या विषयात तीन शब्द वारंवार येतात आणि शिकलेली माणसेही त्यांची गल्लत करतात. आपण गावची विहीर डोळ्यांपुढे आणू. विहिरीत पोर पडू नये म्हणून कठडा बांधतात. ही झाली सुरक्षितता. यंत्रापासून माणसाला इजा होऊ नये याची ती तजवीज. विहिरीत कोणी मुद्दाम विष कालवू नये म्हणून राखण ठेवली, तर तो झाला पहारा. वाईट हेतूच्या माणसापासून यंत्राला आणि मालाला जपायचे, यालाच अणुसुरक्षा म्हणतात. आणि कोणी किती पाणी उपसले याची पाणीवाटपाची वही ठेवली, तर तो झाला हिशेब. अणुइंधनाचा असाच हिशेब ठेवावा लागतो आणि करार झालेल्या ठिकाणी तो तपासायला व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येतात. सोसायटीच्या गोदामात लेखापरीक्षक येऊन पोती मोजतो, त्यातलाच हा प्रकार. कठडा, पहारा आणि हिशेब. हे तीन शब्द ध्यानात ठेवा.

यातला एक जरी ढिला पडला तर काय होते? ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. तिथल्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात किरणोपचाराचे जुने यंत्र बेवारस राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी ते भंगार म्हणून उचलून नेले आणि फोडले. आत सीझियमची पूड होती, अंधारात निळसर चमकणारी. लोकांनी ती कौतुकाने घरोघर नेली. चार माणसे दगावली, त्यांत एक लहान मुलगी होती. अडीचशेच्या आसपास लोकांना त्या पुडीची बाधा झाली. फार लांबचे उदाहरण वाटते? मग २०१० सालचे दिल्लीचे घ्या. तिथल्या मायापुरी भागातल्या भंगार बाजारात कोबाल्टचा स्रोत असलेले एक जुने प्रयोगशाळेतले यंत्र लिलावातून आले. तेही असेच फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. या दोन्ही ठिकाणी ना बाँब होता, ना अणुभट्टी. पहारा आणि हिशेब नव्हता, एवढेच. भंगाराचा धंदा तर आपल्या तालुक्याच्या गावीही चालतो.

म्हणून मी म्हणतो, हा विषय दोन पायांवर उभा आहे. एक पाय विज्ञानाचा आणि दुसरा धोरणाचा. पहिल्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र शिकणारी मुले लागतात. दुसऱ्यासाठी राज्यशास्त्र, इतिहास, कायदा शिकणारीही चालतात, नव्हे लागतातच.

आता संधींकडे वळू.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया होमी भाभांनी घातला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, तिथे प्रशिक्षणशाळा निघाली. माणसे बाहेरून आणण्यापेक्षा आपलीच घडवावीत, हा तिच्यामागचा विचार. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. अनिल काकोडकर याच शाळेतून एक वर्षाचे शिक्षण घेऊन १९६४ साली कामाला लागले. ही शाळा आजही आहे. अभियांत्रिकीची पदवी किंवा एम.एस्सी. झालेल्यांना निवड परीक्षा आणि मुलाखत देऊन तिथे जाता येते, आणि शिकत असताना विद्यावेतन मिळते. पण हा झाला शेवटचा मुक्काम. तिथवर पोहोचण्याच्या पायऱ्या उन्हाळ्यात चढायच्या असतात.

पहिली पायरी शाळेत असतानाच येते. मुंबईला मानखुर्दजवळ होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा तो एक भाग. विज्ञानाच्या ऑलिंपियाड स्पर्धांचे काम तिथून चालते. नोव्हेंबरच्या सुमारास देशभर पहिली परीक्षा होते. तीतून पुढे निवडत निवडत काही मुले उन्हाळ्यात मानखुर्दच्या शिबिरात दाखल होतात. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची वेगळी परीक्षा आहे. मूल शेवटच्या शिबिरापर्यंत पोहोचले नाही तरी बिघडत नाही. त्या प्रश्नपत्रिका सोडवता सोडवता जे वळण लागते, ते जन्मभर पुरते.

दुसरी पायरी बारावीनंतरची. भुवनेश्वरची विज्ञान संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातले मूलभूत विज्ञानाचे केंद्र, या दोन्ही ठिकाणी 'नेस्ट' नावाच्या परीक्षेने प्रवेश मिळतो. दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत. पाच वर्षांचा सलग एम.एस्सी.चा अभ्यासक्रम आहे आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करण्याची रीत आहे. आपल्याकडे बारावी झाली की वैद्यकीय आणि अभियांत्रिकी, एवढी दोनच दारे माहीत असतात. हे तिसरे दार आहे.

तिसरी पायरी कोल्हापूरच्या महाविद्यालयांत किंवा शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. मानखुर्दच्याच केंद्राचा पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय उपक्रम आहे. सुट्टीत शिबिर घेतात आणि त्यातून निवडलेल्यांना पुढे संशोधनाचा छोटा प्रकल्प देतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम आहे. पदवीची पुढची वर्षे आणि एम.एस्सी.चे पहिले वर्ष यांतील मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे तिथल्या संशोधकांबरोबर काम करायला मिळते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील, मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचे. या योजनेत विद्यार्थ्यांबरोबर महाविद्यालयीन शिक्षकांनाही जागा असते, हे आमच्या प्राध्यापक बंधुभगिनींनी मुद्दाम ऐकावे. भाभा अणुसंशोधन केंद्रातही महाविद्यालयाच्या पत्रावर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी घेतात. मात्र तिथे ओळखीची आणि वर्तणुकीची कागदपत्रे लागतात आणि त्यांत वेळ जातो.

आता दुसऱ्या पायाकडे, धोरणाकडे येऊ. इथे मला आपल्याच भागातल्या एका विद्यार्थ्याची आठवण होते. देवराष्ट्रे गावचा हा मुलगा कऱ्हाडला शाळा शिकला आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इतिहास-राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाला. पुढे १९६२ साली देशावर संकट आले तेव्हा तो संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेला. यशवंतराव चव्हाण ते. संरक्षणाचा विचार नुसता सेनापतींच्या खोलीत होऊ नये, त्याचा शांतपणे अभ्यास करणारी माणसे असावीत, या विचाराने त्यांच्या कारकिर्दीत १९६५ साली दिल्लीत संरक्षण अध्ययन संस्था निघाली. आज तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. म्हणजे स्थापनेला कृष्णाकाठचा माणूस आणि नावाला गोव्याचा! ही संस्था विद्यार्थ्यांना उमेदवारीची संधी देते. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतही या विषयाचे संशोधन चालते. तिचे पहिले संचालक डॉ. राजा रामण्णा हे स्वतः अणुशास्त्रज्ञ होते. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे कला शाखेच्या मुलांनाही जाता येते. हरियाणात बहादूरगडजवळ अणुऊर्जा भागीदारीचे जागतिक केंद्र आहे. २०१४ साली त्याची पायाभरणी झाली. त्याच्या शाखांपैकी एक शाखा खास अणुसुरक्षेची आहे.

देशाबाहेरही अशा उन्हाळी शाळांची परंपरा जुनी आहे. १९५५ साली रसेल, आइन्स्टाइन प्रभृती अकरा विचारवंतांनी जगाला अण्वस्त्रांविषयी सावध करणारे निवेदन काढले. त्यातून १९५७ साली कॅनडातल्या पगवॉश नावाच्या लहानशा गावी दहा देशांचे बावीस शास्त्रज्ञ जमले. गावाचेच नाव त्या परिषदेला पडले. १९६४ साली ती परिषद आपल्या उदयपूरला भरली होती. याच विचारातून इटलीत १९६६ साली निःशस्त्रीकरणाची शाळा सुरू झाली. तिथे वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी आणि शास्त्रज्ञ एका छपराखाली बसून वाद घालतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अणुधोके आणि सार्वजनिक धोरण यांवर उन्हाळी वर्ग चालवले. इटलीतल्याच त्रिएस्त येथे, अब्दुस सलाम यांनी विकसनशील देशांसाठी १९६४ साली स्थापन केलेल्या केंद्रात, व्हिएन्नाच्या संस्थेबरोबर अणुसुरक्षेची शाळा भरत आली आहे. ती मुख्यतः नोकरीला लागलेल्या तरुणांसाठी असते. आणि मुलींच्या पालकांनी एक गोष्ट टिपून घ्यावी. व्हिएन्नाच्या संस्थेने २०२० साली मारी क्युरी यांच्या नावाने अधिछात्रवृत्ती सुरू केली. ती फक्त अणुविषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे. अणुसुरक्षा हा विषयही तीत बसतो.

तिथवर जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी त्याच संस्थेचे अणुसुरक्षेचे प्राथमिक पाठ संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. इंग्रजी समजले पाहिजे आणि मोबाइलला रेंज पाहिजे, एवढीच अट!

येथवर आपण ऐकलेत. आता मी आपल्याला माझी एक चूक सांगतो.

मी या तालुक्यात पुष्कळ वर्षे शाळेत शास्त्र शिकवले. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी कोल्हापूरला बी.एस्सी. करत होती. घरची एक एकर भातशेती आणि दोन म्हशी. हुशार म्हणण्यापेक्षा चिवट म्हणावी अशी पोर. दिवाळीच्या आधी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने उन्हाळी संशोधनाच्या योजनेचा छापील कागद मला पाठवला. "सर, कुणी असेल तर सांगा." मी कागद वाचला, वर 'महत्त्वाचे' असे लिहिले आणि हजेरीपटाखाली ठेवला. सहामाहीचे पेपर होते, मग दिवाळी आली, मग स्नेहसंमेलन. फेब्रुवारीत कपाट आवरताना तो कागद हाती लागला. अर्जाची मुदत नोव्हेंबरातच संपली होती.

त्या मुलीला मी ते सांगितले नसते तरी चालले असते. तिला काय कळणार होते? पण राहवेना. ती सुट्टीत गावी आली तेव्हा सांगून टाकले. ती रागावली नाही. नुसतीच म्हणाली, "उन्हाळ्याचा अर्ज दिवाळीत करायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं, सर." ते वाक्य मला आजही टोचते. कारण ते तिचे अज्ञान नव्हते, माझे होते. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार मार्चची परीक्षा संपल्यावर करतो. आणि या जागा त्याच्या कितीतरी आधी भरून गेलेल्या असतात.

पुढल्या वर्षी आम्ही दसऱ्यालाच बसलो. तीन ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी जागा मिळाली. तिचे वडील मला स्टँडवर भेटले. म्हणाले, "सर, पोरगी एकटी दोन महिनं ऱ्हाणार म्हंजे जिवाला घोर हाय. आन् खर्चाचं कसं?" मी त्यांना पत्र वाचून दाखवले. राहायची सोय संस्थेची, वर विद्यावेतन, येण्याजाण्याचे भाडे परत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे शिकायचं बी आन् पैसं बी तेच देणार? असं कुठं असतंय व्हय?" असतंय, श्रोतेहो. पण ते आपल्याला माहीत नसतंय.

ती परत आली तेव्हा मी विचारले, "पहिल्या दिवशी काय शिकवले?" मला वाटले, एखादे मोठे समीकरण सांगेल. ती म्हणाली, "सर, पहिल्या दिवशी वही शिकवली." किरण मोजायच्या यंत्रासाठी एक बटणाएवढा किरणोत्सर्गी स्रोत लागतो. तो शिशाच्या डबीत, कुलपाच्या कपाटात. घेताना वहीत नाव, वेळ, सही. ठेवताना पुन्हा सही. छातीवर किरणमापक बिल्ला. संध्याकाळी तिने सही करायची विसरली म्हणून तिला वसतिगृहातून परत बोलावून घेतले. आधी तिला त्याचा राग आला होता. मग तिला गोयानियाची हकीकत सांगण्यात आली, आणि राग गेला. कठडा, पहारा, हिशेब हे मी मघाशी सांगितलेले तीन शब्द माझे नाहीत. त्या मुलीच्या वहीवरून मला सुचलेले आहेत.

तिचे नंतर बरे झाले. पण आधीचे एक वर्ष माझ्या हजेरीपटाखाली गेले, ते गेलेच. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. उन्हाळ्याची पेरणी दिवाळीत करायची, हे फळ्यावर लिहून ठेवा. श्रावण-भाद्रपदात ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेची नावे द्यायची. दसरा-दिवाळीत अकादमींच्या योजनेचा अर्ज. डिसेंबर-जानेवारीत टाटा संस्थेच्या कार्यक्रमाचा अर्ज आणि पदवी पुरी करणाऱ्यांनी तुर्भ्याच्या प्रशिक्षणशाळेची जाहिरात पाहायची. होळीच्या सुमारास बारावीच्या मुलांनी 'नेस्ट'चा फॉर्म. तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. कोणाच्या तरी मोबाइलवर फिरत आलेल्या संदेशावर विसंबू नये. दोन दिवसांचा वर्ग आणि छापील प्रमाणपत्र देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून तर लांबच राहावे. चांगल्या संस्था विद्यार्थ्याला पैसे देतात, त्याच्याकडून मोठी रक्कम घेत नाहीत.

अर्जाबरोबर दोन गोष्टी बहुधा लागतात. एक, ओळखणाऱ्या शिक्षकाचे शिफारसपत्र. "विद्यार्थी हुशार व होतकरू आहे" हे वाक्य आपण सर्वांसाठीच लिहितो, म्हणून ते कोणासाठीच उपयोगी पडत नाही. त्याऐवजी त्या मुलाने काय केले ते लिहा. बिघडलेला तराजू दुरुस्त केला, चुकलेले उत्तर चार वेळा पडताळले, असे काहीतरी खरे. दुसरी गोष्ट, मुलाने स्वतः लिहिलेले एक पान: मला हे का शिकायचे आहे? आपली मुले इथे अडतात. इंग्रजीला घाबरतात आणि कुठूनतरी उतरवून काढतात. त्यांना सांगा, आधी मराठीत लिही. खरे लिही. मग आपण बसून इंग्रजी करू.

आणि ही आवड लहानपणी लावायची कशी? त्याला प्रयोगशाळा लागत नाही. चिंचोके फोडून घ्या. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. असे शंभर चिंचोके जमिनीवर टाका आणि पांढरी बाजू वर आलेले उचलून बाजूला काढा. साधारण पन्नास उरतील. ते पुन्हा टाका, पंचवीसच्या आसपास उरतील. पुन्हा टाका, बारातेरा. कोणता चिंचोका कधी जाईल हे सांगता येत नाही, पण दर खेपेला साधारण निम्मे जातात हे मात्र नक्की. किरणोत्सर्गी पदार्थाचे नेमके असेच असते. तो निम्मा व्हायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कोबाल्टचा तो काळ सव्वापाच वर्षांचा, गोयानियाच्या सीझियमचा तीस वर्षांचा. चौथीतल्या मुलालाही हा खेळ कळतो. त्याने खेळता खेळता "मग सगळे कधी संपणार?" असे विचारले, की समजा, पेरलेले उगवले.

विशाळगडाच्या वाटेवरची पावनखिंड आपल्याच तालुक्यात आहे. खिंड राखणे म्हणजे काय, हे इथल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. आजच्या काळात राखायच्या खिंडी निराळ्या आहेत. एखाद्या कुलपाची किल्ली, एखादी सहीची वही, एखाद्या करारातले कलम. त्या राखायला तलवार लागत नाही, शिकलेले आणि जागे माणूस लागते. ते आपल्यातून तयार व्हायचे असेल, तर यंदाच्या दसऱ्याला सोने लुटून झाले, की आपल्या शाळेतल्या, आपल्या गल्लीतल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि विचारा, "उन्हाळ्यात काय करणार आहेस?" आणि तुमच्या हजेरीपटाखाली एखादा कागद असेल, तर तो आजच बाहेर काढा.